साक्षीला कोण उरलं?

सायकलच्या दुकानातल्या आत्याला सगळी गल्ली आत्या म्हणायची. खरं तर ती कोणाचीच आत्या नव्हती. तिला भाऊच नव्हता, होती ती एक थोरली बहीण, आणि तिच्याशी बोलणं कधीचंच बंद. पण फार पूर्वी पंक्चर काढायला आलेल्या कुठल्याशा पोराने 'आत्या, हवा भरा ना' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. वडिलांच्या मागे दुकान तिने एकटीने चालवलं. हात कोपरापर्यंत काळे, केसांचा घट्ट अंबाडा, आणि तोंड असं की समोरचा बेकरीवाला म्हणायचा, या दुकानात हवा भरायला पंप कशाला लागतो कोण जाणे.

तर या आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, छोटंसं ऑपरेशन आहे, सोमवारी करून टाकू. छोटंसं म्हणायला यांच्या बापाचं काय जातं? पोट त्यांचं थोडंच आहे! आत्या तोंडाने 'करा की' म्हणाली खरी. घरी येऊन तिने आधी मरणाचा विचार केला आणि लगेच दुकानातल्या पान्यांचा. आपलं काही बरंवाईट झालं तर हे सगळं जायचं कुणाकडे? कोणीतरी लांबचा पुतण्याबितण्या उगवणार, सगळं भंगारात घालणार आणि चालता होणार. नुसत्या विचारानेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून ती मृत्युपत्र करायला वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंचं ऑफिस गल्लीच्या तोंडाशी, जिना चढून वर, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी. त्यामुळे तिथे कायम औषधाचा वास यायचा आणि मधूनच भिंतीपलीकडून कुणीतरी कण्हायचं. वकीलबाई तिशीच्या, कामाला चोख, फक्त त्यांच्या सायकलचा ब्रेक बारा महिने ढिला. त्यामुळे त्यांच्या कायद्याच्या ज्ञानावर आत्याचा भरवसा होता, अकलेवर थोडा कमी.

"वारस कोण कोण आहेत?" वकीलबाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"अगदी कोणीच नाही? भाऊ, बहीण?"

"बहीण आहे," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण ती धरायची नाही."

वकीलबाईंचं पेन क्षणभर अडलं. मग त्यांनी शहाण्यासारखा पुढचा प्रश्न विचारला. दुकानाचं काय करायचं? ते आत्याने आधीच ठरवलं होतं. दुकान आणि वरची खोली गल्लीतल्या शाळेला, मुलामुलींना सायकल दुरुस्त करायला शिकवायच्या अटीवर. वकीलबाई खूश झाल्या. सुटसुटीत काम, पानभरात मावेल असं. त्यांनी टायपिस्टकाकांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आत्या म्हणाली, "आता बारीकसारीक सांगते, लिहून घ्या."

ते बारीकसारीक संपेना. मोठा उभा पंप बेकरीवाल्याला, कारण तो नाहीतरी रोज मागायला येतो. शिवणाचं मशीन शिंपीणबाईंना. रेडिओ कोपऱ्यावरच्या न्हाव्याला, त्याचा स्वतःचा खरखर करतो. कपाट पोस्टमनला, हातोड्या गवंड्याला, गरम पाण्याची पिशवी त्याच्या सासूला. चहाची किटली टायपिस्टकाकांना. काका टाइप करता करता थांबले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"आणि एक ब्रेकचा संच, चांगल्यापैकी, तुम्हाला," आत्या म्हणाली.

"मला? अहो आत्या, वकिलाला असं काही ठेवू नये, ते बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही काय? उतारावरून खाली जाशील ना एक दिवस, तेव्हा कळेल. लिही गपचूप." आत्या रागावली की अहो-जाहो सोडून सरळ अगं-तुगंवर यायची. वकीलबाईंनी गपचूप लिहिलं.

यात आत्याचा दानशूरपणा वगैरे काही नव्हता, हे आपलं स्पष्ट सांगून टाकतो. तिला भीती होती ती कुणाचं मन दुखवायची. वाचून दाखवतील तेव्हा न्हाव्याचं नाव आलं आणि गवंड्याचं नाही आलं, तर गवंड्याला काय वाटेल? गवंड्याचं आलं तर त्याची सासू काय म्हणेल? जन्मभर या लोकांची तोंडं बघितली, मेल्यावर त्यांनी तोंड फिरवायला नको. असं करता करता गल्लीतलं एकही घर सुटलं नाही. आता यात घोटाळा काय झाला ते तुमच्या लक्षात आलं असेल तर तुम्ही वकील व्हायला हवं होतंत, कारण वकीलबाईंच्या ते सह्यांच्या दिवसापर्यंत लक्षात आलं नव्हतं.

सह्यांसाठी शनिवारची सकाळ ठरली. साक्षीदार म्हणून आत्याने बेकरीवाल्याला आणि शिंपीणबाईंना आणलं होतं. दोघंही लग्नाला निघाल्यासारखे नटून आले होते. बेकरीवाल्याने तर केसांना तेल लावलं होतं. वकीलबाईंनी कागद सारखे केले, पेन पुढे ठेवलं आणि सवयीने बोलून गेल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल, तर त्याला ठेवलेलं तेवढं रद्द होतं, बरं का. नियम आहे." आणि मग आपणच काय बोललो ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे माझा पंप?" बेकरीवाल्याने विचारलं.

"गेला."

बेकरीवाल्याने हातातलं पेन चटका बसल्यासारखं खाली ठेवलं.

शिंपीणबाई मनाच्या मोठ्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, मी करते सही. मला मशीन नसलं तरी चालेल."

"चालेल कसं?" आत्या कडाडली. "आठवडाभर त्याला तेलपाणी करतेय मी! मशीन तुम्हीच घ्यायचं. न घेऊन सांगता कुणाला?"

मग सुरू झाली शोधाशोध. टायपिस्टकाका? त्यांची किटली. खुद्द वकीलबाई? त्यांचे ब्रेक, आणि शिवाय मृत्युपत्र त्यांनीच केलेलं. खाली औषधाच्या दुकानातला? त्याला भिंतीवरचं घड्याळ. जिना झाडणाऱ्या बाई? त्यांना दोन्ही रजया. जो जो आठवावा त्याला आत्याने काहीतरी देऊन ठेवलेलंच! मृत्युपत्र करायला निघालेल्या बाईचं घोडं मालमत्तेवर अडतं, वारसांच्या भांडणावर अडतं, पण इथे ते अडलं माणसं फार झाली म्हणून.

भिंतीपलीकडून कोणीतरी 'आई गं!' म्हणून ओरडलं आणि आत्याचा चेहरा उजळला. "हा! दातांचा डॉक्टर! त्याला मी काहीएक ठेवलेलं नाही. मेल्याने माझी धडधाकट दाढ उपटली होती आणि किडकी तशीच ठेवली."

दातांच्या डॉक्टरला बोलावलं. तो हातमोज्यांसकट आला, आपल्याला काही मिळणार नाही हे ऐकून जरा हिरमुसला, पण कबूल झाला. एक साक्षीदार मिळाला. दुसरा?

"रस्त्यावरून कुणालाही बोलावलं तर?" बेकरीवाल्याने सुचवलं.

"कायद्याला चालेल," वकीलबाई म्हणाल्या, "पण मला नाही पटत. दुकान शाळेला जातंय. उद्या कुणी नातेवाईक भांडायला उभा राहिला, तर कोर्टात येऊन 'हो, या बाई शुद्धीत होत्या, मी ओळखतो त्यांना' असं ठणकावून सांगणारं माणूस हवं. आत्या, तुम्हाला चांगलं ओळखणारं, आणि ज्याला तुम्ही काहीच ठेवलेलं नाही असं कुणीच नाही का?"

बेकरीवाला पंख्याकडे बघायला लागला. शिंपीणबाईंना एकाएकी आपल्या बाहीचा दोरा सुटलेला दिसला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? शेवटी टायपिस्टकाकाच बोलले. त्यांना वाटलं असावं, किटली काय ती आता गेलीच.

"आहे की. ताई आहेत."

"काका!" आत्या म्हणाली. एवढंच म्हणाली. काका खुर्चीत दोन बोटं खाली सरकले.

आता ताईचं सांगायला हवं. ताई आत्याची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त. जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी करून बहिणीला साधा एक फोन करत नाही, असं आत्या कुणी विचारलं नाही तरी सांगायची. राहायला पलीकडच्याच रस्त्यावर. दोघींचं बिनसलं ते एका सायकलीवरून. ताई निवृत्त होणार म्हणून आत्याने गुपचूप तिच्यासाठी सायकल बांधायला घेतली होती. रोज दुकान बंद झाल्यावर तेच काम. फ्रेम स्वतः जोडली, चाकातली एकेक तार हाताने आवळून बसवली, ताईचा गुडघा दुखतो म्हणून पॅडल खास हलकं शोधून आणलं. रंग तेवढा द्यायचा राहिला होता. आणि एके दिवशी ताई मोठ्या बाजारातल्या त्या काचेच्या शोरूममधून कोरी करकरीत गिअरची सायकल घेऊन आली! सायकलवालीच्या सख्ख्या बहिणीने! बरं, आणली तर आणली, घरी गपचूप जावं. तर नाही. दुकानासमोरून घंटी वाजवत वाजवत गेली. गल्लीतल्या लोकांनी बघितलं. आत्या तेव्हा उलट्या सायकलीखाली चेन बसवत होती, ती बाहेर आलीच नाही. बांधलेली सायकल तिने त्याच आठवड्यात पहिल्या गिऱ्हाइकाला पडेल भावात देऊन टाकली आणि त्या दिवसापासून ताई हा विषय संपला.

"मी नाही बोलावणार," आत्या म्हणाली.

"तुम्ही नका बोलावू," वकीलबाई म्हणाल्या, "मी बोलावते. मला साक्षीदार हवाय." आणि त्यांनी बेकरीवाल्याला पिटाळलंसुद्धा.

"ती यायची नाही. मी सांगते ना, तिच्या नाकावर कायम राग. यायची नाही ती."

असं आत्या पाच मिनिटांत इतक्या वेळा म्हणाली की दातांच्या डॉक्टरने तिला पाणी आणून दिलं. खरं सांगू? तिला ऑपरेशनची भीती फारशी नव्हतीच. रोज ब्रेक नसलेल्या सायकली चालवून बघणारी बाई ती. तिचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीने. सोमवारी आपल्याला आत नेतील, बाहेरच्या बाकावर बेकरीवाला असेल, शिंपीणबाई असतील, अख्खी गल्ली असेल, आणि आपलं रक्ताचं माणूस मात्र पलीकडच्या रस्त्यावर घरी शब्दकोडं सोडवत बसलेलं असेल. तिला कुणी कळवणारही नाही. आणि कळवलं आणि तरीही ती आली नाही तर? त्यापेक्षा न कळवलेलं बरं. म्हणून आत्याने आठवडाभर कुणालाही ताईला सांगू दिलं नव्हतं.

खाली घंटी वाजली. आत्या गल्लीतली प्रत्येक सायकल आवाजावरून ओळखायची. तिने हातातला पेला खाली ठेवला.

ताई जिना चढून आली ती धापा टाकत आणि बेकरीवाल्याला मागे टाकून. चष्मा नाकाच्या टोकावर, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात भलतीच. दारातूनच तिने विचारलं, "कुठे आहे? काय झालंय तिला? हा बेकरीवाला नुसतं मृत्युपत्र, मृत्युपत्र करतोय!"

"काही झालेलं नाही मला," आत्या म्हणाली. "पित्ताचे खडे आहेत."

ताई खुर्चीत बसली. श्वास जाग्यावर आल्यावर तिने पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं. "वाळलीस," ती म्हणाली.

"तू जाड झालीस."

"झाले. मला सही कुठे करायची तेवढं दाखव."

हुश्श! निदान बोलल्या तरी. वकीलबाईंनी घाईघाईने कागद पुढे केले, न जाणो पुन्हा काही बिनसलं तर. आत्याने दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली. मग दातांच्या डॉक्टरने हातमोजा काढून सही केली. मग कागद ताईकडे आला.

"एक सांगायला हवं," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून सही केलीत, तर या मृत्युपत्रातून तुम्हाला काहीही मिळणार नाही. नंतर म्हणायचं नाही."

"मला काय मिळणारेय?" ताई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "काही ठेवलेलंच नसणार म्हणून तर मला बोलावलंत. इतकं कळतं हो मला. इथेच ना?" आणि तिने पेन उचललं.

आत्याच्या मनात हिशेब उभा राहिला. पोस्टमनला कपाट, गवंड्याच्या सासूला पिशवी, आणि जिने मला चालायला शिकवलं, तापात रात्र रात्र उशाशी बसली, ती सही करतेय आपल्याला काही नाही म्हणून. तेही चारचौघांत. हसून.

"थांब!" तिने ताईच्या हातातलं पेन हिसकावलं. "नको करूस सही."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "का? साक्षीलाही नालायक का मी आता?"

"अगं बये, सही केलीस तर मला तुला काही देता यायचं नाही!"

"देणार आहेस तू मला काही?"

"दिलंच होतं!" आत्याचा बांध फुटला. "सायकल बांधली होती तुझ्यासाठी! या हातांनी! रंग द्यायचा राहिला होता, आणि तू त्या काचेच्या दुकानातून... आणि वर घंटी वाजवत गेलीस माझ्या दारावरून!"

"माझ्यासाठी? मग बोलली का नाहीस?"

"न सांगता द्यायची होती मला!"

"आणि मी वर्षभर वाट बघत होते तू कधी म्हणशील म्हणून! सगळ्या गावाच्या सायकली करतेस, एकदा तरी म्हणशील, ताई, तुलाही करून देते. नाही म्हणालीस. शेवटी वैतागून विकत आणली. आणि घंटी कशासाठी वाजवली म्हणतेस? तू बाहेर यावंस म्हणून वाजवली. ब्रेक बघशील, सीट खालीवर करशील, शोरूमवाल्याला चार शिव्या देशील. तू डोकंसुद्धा वर काढलं नाहीस."

"मी सायकलीखाली होते."

"बघितलं मी. तुझे पाय दिसत होते."

भिंतीपलीकडे खुर्चीत तोंड उघडून वाट बघणारा पेशंट 'डॉक्टर, येताय ना?' म्हणाला, ते सगळ्यांना ऐकू आलं. डॉक्टर जागचा हलला नाही. शिंपीणबाई उघड उघड डोळे पुसत होत्या.

"ऑपरेशन कधी आहे?" ताईने विचारलं.

"सोमवारी. सकाळी."

"मी येते. आदल्या रात्री तुझ्याकडेच झोपायला येते. आणि भीती वाटतेय का?"

"हो," आत्या म्हणाली. आठवडाभरात पहिल्यांदाच तिने कुणापाशी कबूल केलं. मग तिने डोळे पुसून वकीलबाईंकडे मोर्चा वळवला. "वकीलबाई, फाडा हे. नवीन करा. शाळेला एकटं दुकान पुरे, वरची खोली ताईला द्या. नाहीतर दुकानच..."

"आत्या, आज शनिवार आहे," वकीलबाई काकुळतीला आल्या. "सोमवारच्या आत नवीन करायचं म्हणजे परत साक्षीदार शोधायचे. आता ताईसुद्धा नाही म्हटल्यावर मी माणूस आणू कुठून?"

"ते तुझं तू बघ! ताईला वगळून मी ऑपरेशनला जाणार नाही म्हणजे नाही!"

ताईने चष्मा नीट बसवला, आत्याच्या मुठीतून एकेक काळं बोट सोडवून पेन काढून घेतलं, आणि कोणी काही बोलायच्या आत डॉक्टरच्या सहीखाली आपली ठसठशीत सही करून टाकली.

"अगं, हे काय केलंस तू!" आत्या किंचाळली. "आता या कागदातून तुला एक खिळासुद्धा मिळायचा नाही!"

"माहितेय," ताई पेनचं टोपण लावत म्हणाली. "आता मला काही द्यायचं असेल ना, तर तुला जिवंत राहूनच द्यावं लागेल."

आत्याने ताईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडली.